बघून घेतो

ओळ क्रमांक दोनशे चाळीस.
धरणगावच्या जिनिंगमधला वजनकाटा ज्या कोडवर चालतो
त्यात भरल्या ट्रॅक्टरचं वजन खाली ओढलं जायचं
आणि रिकाम्याचं वर.
खेपेमागे चार-पाच किलो कापूस
कुणाच्याच वहीत नाही.

कोड सुकलाल देवऱ्यांचा, सतरा वर्षांपूर्वीचा.
मी नोकरीला लागून एकवीस दिवस.
मी जळगावात, रिंग रोडला, बँकेच्या डोक्यावर तिसरा मजला;
ते अमळनेरला, घरूनच.
आमची गाठ फक्त लिहिण्यात.

मी लिहिलं:
आदरणीय सर, आपली हरकत नसेल तर,
कदाचित माझ्याच समजण्यात चूक होत असेल, परंतु
ओळ दोनशे चाळीस एकवार नजरेखालून घालावी
ही नम्र विनंती.
पाठवण्याआधी आठदा वाचलं.
कुठे टोक राहिलं नाही ना, बोट फिरवून पाहिलं,
लहान मुलाच्या खेळण्यावरून फिरवतात तसं.

चार मिनिटांत उत्तर.
बघून घेतो.

एवढंच. आणि पुढे पूर्णविराम.
त्या पूर्णविरामाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले.
खुशीत असलेला माणूस पूर्णविराम देतो का?
धुळ्याला आमच्या गल्लीत
'बघून घेतो' म्हणणाऱ्याच्या बाह्या
आधीच वर गेलेल्या असायच्या.
शेजारच्या टेबलावरचा गिरासे वाकून वाचून म्हणाला,
"गेली तू."

मंगळवार गेला. बुधवारी मी माफी लिहिली, पुसली,
मग जुना बायोडेटा उघडून
फोटो बदलावा का, याचा विचार केला.
गुरुवारी पहाटे दोन बावन्नला देवऱ्यांकडून एक चित्र आलं:
काट्याचे लाल आकडे, काचेवर दव,
कोपऱ्यात कुणा हमालाची मफलर.
खाली एक अक्षर नाही.
मला वाटलं, पुरावे गोळा करतोय हा माणूस.
माझ्याविरुद्ध.

तिकडचं मला फार उशिरा कळलं.
माझं पत्र त्यांनी बायकोला वाचून दाखवलं होतं.
म्हणाले, सतरा वर्षांत मला 'आदरणीय' कोणी म्हटलं नाही,
पतपेढीची नोटीस सोडली तर.
चूक सापडली तर चूक म्हणावं पोरीने,
हार कशाला घालते गळ्यात?
दोन घास कमी जेवले.
मग कानटोपी घालून मोटारसायकल काढली,
थंडीत धरणगाव गाठलं,
आणि दोन रात्री काट्यापाशी उभं राहून
येईल तो ट्रॅक्टर भरला मोजला, रिकामा मोजला,
हाताने, पेन्सिलने, सिगारेटच्या पाकिटावर.
'बघून घेतो' म्हणजे
बघून. घेतो.
त्या दोन शब्दांत तिसरं काही नव्हतंच.

शनिवारी तीन वाक्यं आली.
तुनं बरोबर शे. काटा खरा. मनं गणित चुकनं.

गिरासे चिडला. "एकेरीत बोलतो तुला!"
त्याला काय सांगू?
ही बोली माझ्या आजोळची,
हिच्यात तहसीलदारालाही तू.
मीच ती रोज घरी ठेवून येते, धुवायच्या डब्यासारखी,
आणि इथे तीन मजले चढून 'कृपया' लिहिते.

मी उत्तर लिहायला घेतलं,
अहिराणीत लिहावं की नाही, यात संध्याकाळ झाली.
शेवटी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.
तो त्यांना कसा लागला, ते आजवर विचारलं नाही.

परवा नंदुरबारहून रुजू झालेल्या वळवीने
माझ्या कोडात चूक काढली.
आदरणीय मॅडम, आपली हरकत नसेल तर...
तीन ठिकाणांहून फोन, चहा गार, डोकं दुसरीकडे.
बोटांनी आपोआप लिहिलं, बघून घेते.
पूर्णविरामासकट.
गेलं.

मग एकदम उठले,
जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.
म्हणणार होते, अरे, रागावले नाही, जेवलास का?
रिंग जात राहिली.
त्याने उचलला नाही.